हजेरीतला 'हाय'

मॉरिशसच्या साखर कारखान्यात रुजू झालो, त्या आठवड्यात माझी पाचही दिवस गैरहजेरी लागली. आज गंगाखेडच्या कारखान्यावरून जाताना मळीचा आंबूस वास आला आणि ते आठवलं.

त्यावरून कारखान्याच्या साहेबांनी मला गावी परत धाडायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, "रोज हजर होतो."

तिथल्या मुकादमाने नाव पुकारलं, की मी आमच्या बोरी गावच्या सवयीने 'हाय' म्हणायचो. वहीत डोकं घातलेला मुकादमही 'हाय' म्हणायचा आणि गैरहजेरीची फुली मारायचा.

माझ्या खोलीत राहणारा वालूर गावचा सोबती हे ऐकून पोट धरून हसला. "आरं, तू हाजरी द्यायलास, त्याला वाटायलंय रामराम घालायलास!" त्यानेच साहेबांना उलगडा केला.

दुसऱ्या सकाळी मी 'प्रेझेंट' म्हणालो. मुकादमाने हजेरी लावली आणि विचारलं, "आज रागावलास का?"