मार्थाबाईच्या पलंगावरची खूण

सेक्रेटरीने मार्थाबाईला फसवलं. मलाही फसवलं, पण माझं सोडा. मी बाजारात वाढलेला माणूस, एका सौद्यात बुडालो तर दुसऱ्यात काढतो. मार्थाबाईकडे दुसरा सौदा नव्हता.

भूत, करणी, भानामती मी कधी मानली नाही. फुलंब्रीहून हमालीला शहरात आलो, आज औरंगपुऱ्यात जुन्या फर्निचरचं स्वतःचं दुकान आहे. आयुष्यभर विश्वास ठेवला तो वजनकाट्यावर – आणि तोही माझ्याच. म्हणून हे लिहायला जीभ... म्हणजे हात अडखळतोय.

फुलंब्री रोडला एक ख्रिस्ती आश्रम होता. नाव लिहीत नाही. घरच्यांनी टाकलेले म्हातारे आणि आईबाप नसलेली लेकरं, दोघांनाही तिथं आसरा होता. लोखंडी दुमजली पलंग – खाली म्हातारं माणूस, वर लेकरू. ज्याला कुणी नाही त्याला असंच कुणी नसलेलं दुसरं जोडून द्यायचं, ही तिथली रीत. लेकराने आजीला वेळेवर गोळी द्यायची, आजीने वेणी घालायची. आणि लेकराच्या वाढदिवसाला सकाळच्या प्रार्थनेनंतर त्याला पलंगाच्या उभ्या दांडीला टेकवून डोक्याच्या उंचीवर कानशीने खूण घासायची. खूण त्याच्या आजीनेच करायची, दुसऱ्याने नाही.

आश्रम चालवणाऱ्या बाई वारल्या आणि कारभार तिथल्या सेक्रेटरीच्या हातात आला. त्याने मला बोलावलं. म्हणाला, नवी इमारत झाली, देणगीदारांनी नवे पलंग दिले, हे सगळे उचला. भावावरून मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण गडी लगेच नमला. ज्याला माल घाईने घालवायचा असतो तो काहीतरी झाकत असतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

टेम्पो भरताना एक म्हातारी पलंगाची दांडी सोडेना. तीच मार्थाबाई. तिला बिलगून उभी होती ती तिच्या वरच्या पलंगावरची प्रीती. दांडीवर खुणांची शिडी होती, दोन खुणांत साधारण चार बोटांचं अंतर. सगळ्यात वरची अजून चकाकत होती.

“भाऊ, एवढा एक राहू द्या. पुढच्या वाढदिसाला पोरीची खूण कुठं करू?”

“नव्या पलंगावर करा की, आजी.”

“अन् ह्या मागच्या खुणा तिथं कशा येतील? पोर वाढली का नाय, हे कशावरून कळायचं?”

सेक्रेटरी हसत म्हणाला, म्हातारी भ्रमिष्ट आहे, तुम्ही न्या. माझं डोकं फिरलं. त्याच्यासमोरच मी मार्थाबाईला सांगितलं की पलंग नेतो, पण विकणार नाही. नव्या जागेत तुमचं बस्तान बसलं की स्वतः आणून देतो. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“शब्द देतोस व्हय?”

“आम्ही शब्दावरच विकतो, आजी.”

“मग हा विकू नको. पाळ.”

आणि कानस कमरेच्या चंचीत टाकून ती बाजूला झाली.

पलंग गोडाऊनच्या कोपऱ्यात उभा केला. नव्या जागेत पलंग पोचवायचा दिवस मात्र ठरेना. रंगकाम चालू आहे, नळ यायचाय, पावसाळा होऊ द्या... सेक्रेटरीची कारणं संपेनात. वर्ष होत आलं.

मग एके दिवशी सकाळी मी गोडाऊन उघडलं. कुलूप जसंच्या तसं. पलंगाखाली लोखंडाचा ताजा कीस पडला होता आणि दांडीवर नवी खूण होती.

मी रहीमचाचांवर खेकसलो. माझ्याकडे कामाला असलेला हा सगळ्यात जुना माणूस. त्यांनी शांतपणे माझ्या कमरेकडे बोट दाखवलं.

“सेठ, चाबी तुम्हारे पास. मेरे कू क्या पूछते?”

खरंच होतं. गोडाऊनला खिडकी नाही, दुसरं दार नाही. पण मला खटकलं ते वेगळंच. नवी खूण मागच्या खुणेच्या जेमतेम नखभर वर होती. कुणी चेष्टा केली असती तर बाकीच्या खुणा बघून चार बोटं वरच घासली असती ना? एवढीशी कोण घासेल?

मी जमिनीपासून खुणेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, आणि तडक नव्या इमारतीच्या जागेवर गेलो. तिथं एक कंपाऊंड आणि आत गाजरगवत. सेक्रेटरीला फोनवर जे बोललो ते इथं छापता येणार नाही. शेवटी त्याने तोंड उघडलं – सगळ्यांना नातेवाइकांकडे पाठवलं. प्रीती खुलताबादला, लांबच्या मावशीकडे.

ती मावशीच्या खानावळीमागे भांडी घासत होती. गालफडं बसलेली, हात काटकीसारखे. मी तिला भिंतीला उभं करून सुतळी लावली. गाठ बरोबर डोक्यावर टेकली. केसाचाही फरक नाही.

सुतळीकडे बघून पोरीला कळलं.

“आज माझा वाढदिवस आहे. आजीनं खूण केली का?”

माझ्या तोंडून हो निघून गेलं.

“मग म्हणाली असंल... पोर वाढली नाय.”

मावशीने पोर सोडली नाही. बालकल्याण समितीकडे मी तक्रार दिली आहे, तिथं तारखा मिळतायत. मार्थाबाईला पुतण्या घेऊन गेला, असं सेक्रेटरी म्हणतो. प्रीती म्हणते, आजीला कुणीच नव्हतं, म्हणून तर मला तिच्याशी जोडून दिलं होतं. मी चर्चमध्ये विचारलं, वृद्धाश्रम पालथे घातले, ख्रिस्ती कब्रस्तानात पाट्या वाचत फिरलो. ती जिवंत कुठं नाही आणि मेलेलीही कुठं नाही. जिवंत असेल तर बंद गोडाऊनमध्ये आली कशी? नसेल तर कानस कुणाच्या हातात होती? आणि खुलताबादला पोर उपाशी आहे, हे तिला कुणी सांगितलं? रहीमचाचा त्या कोपऱ्यात आता चपला काढून जातात. मी त्यांना हसत नाही.

पलंगाला चांगली गिऱ्हाइकं आली, हाकलून दिली. शब्द आहे.

सेक्रेटरी, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेलच. कुलूप, किल्ली, कीस याचा हिशोब मी तुला मागत नाही. मार्थाबाईचा मागतोय. तिचा पत्ता सांग, नाहीतर कबर दाखव. यात भाव होणार नाही.