सिग्नलला झोपणारी गाडी

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांचा उभ्या जन्मात एकच शत्रू होता, बंद पडलेलं इंजिन. शिकाऊ माणसाने क्लच झटक्यात सोडला, इंजिन आचका देऊन थांबलं, की मास्तरांचा हात त्यांना न विचारताच चावीकडे जायचा.

मग मुलाने क्लाससाठी नवी गाडी आणली.

"बाबा, शिकाऊ गाडीचा निम्मा दिवस सिग्नलला जातो. ही तिथे स्वतःच इंजिन बंद करते. क्लच दाबला की छोटी मोटर ते पुन्हा चालू करते. ब्रेक मारताना बॅटरी भरते, निघताना इंजिनाला हातभार लावते. स्टिअरिंग, पाण्याचा पंप, सगळं विजेवर. इंजिनावर तेवढा भार कमी."

"म्हणजे मी ज्यावरून आयुष्यभर ओरडलो, तेच ही मुद्दाम करणार?"

"हो. आणि पेट्रोल वाचवणार!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. डोक्याला पटलं, पण हाताला पटेना. सिग्नलला गाडी गप्प झाली की हात चावी फिरवायचाच, आणि नुसती डुलकी घेणारी गाडी खरोखरच बंद! मागून भोंग्यांचा गदारोळ. गाडी पेट्रोल वाचवायची, मास्तर शिव्या कमवायचे.

त्यातच बायकोची लायसन्सची परीक्षा आली. आधी दोनदा नापास, दोन्ही वेळा इंजिन बंद पडून. "आता नापास झाले तर स्टिअरिंगला पुन्हा शिवणार नाही," असं तिने बजावलं होतं.

परीक्षक साहेब तिच्या शेजारी, मास्तर मागे. सिग्नल लाल झाला, इंजिन थांबलं, आणि मास्तर दोन सीटांच्या फटीतून पुढे झेपावले.

"अगं, बंद पडली! चावी! चावी!"

फाटकन चापट बसली. "अहो, हात मागे घ्या! झोपू द्या तिला, उठेल ती."

साहेब वळले. "हे कोण?"

"आमचे मास्तर."

"फक्त मास्तर?"

"नवराही हेच, काय करणार!"

"परीक्षा तुमची की यांची? उतरवा यांना."

मास्तर धुसफुसत फुटपाथवर उतरले. दिवा हिरवा झाला. तिने क्लच दाबला, इंजिन जागं झालं आणि गाडी लोण्यासारखी निघून गेली. इतक्या रागातही मास्तर पुटपुटले, "पहिला गिअर काय सुरेख टाकला!"

चौकाला वळसा घालून गाडी पुन्हा त्याच सिग्नलला आली, पुन्हा गप्प झाली. मास्तरांचा हात खिशात घराची चावी फिरवत होता.

काच खाली आली. साहेब हसत होते.

"पास झाले! बसा मागे," बायको म्हणाली, "आणि दोन्ही हात मांडीखाली."