बाळकुमचा ओढा आणि माझ्या बाटल्या

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही बाळकुमला नव्या सोसायटीत राहायचो. तिथल्याच कोळीवाड्यातली एक मावशी आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. एका सकाळी पाटी उतरवून ती म्हणाली, "ताई, ओढा खाडीला मिलतो त्या तोंडाच्या मासलीला वास मारतो. चिखलात उड्या मारनाऱ्या निवट्या तर गेल्याच. तुमी शालेत पानी तपासता ना? आमचं बगा की."

मी ठाण्यातल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. तपासणं अवघड नव्हतं. पण डोंगराकडून येणारा तो ओढा एका रंगाच्या कारखान्यामागून वाहायचा आणि ह्यांची नोकरी तिथेच होती. गावात सगळे कारखान्याकडेच बोट दाखवायचे. तेच खरं निघालं तर? मी आठवडाभर मावशीला टाळलं. शेवटी हेच म्हणाले, "तपासून टाक गं. निदान धाकधूक तरी संपेल."

रविवारी ओहोटीची वेळ बघून आम्ही दोघी ओढ्याच्या कडेनं वर चढत गेलो, जागोजागी बाटल्या भरत. कारखान्याच्या पाइपाखालची बाटली मी मुद्दाम मावशीला भरायला लावली. कोणी संशय घ्यायला नको, हे एक कारण. दुसरं म्हणजे माझाच माझ्यावर भरवसा नव्हता.

सोमवारी शाळेत प्रत्येक बाटलीत निळ्या रंगाचे थेंब टाकले आणि बुचं घट्ट बसवली. पाण्यात मैला जितका जास्त, तितका तो निळा रंग लवकर उडतो. डोंगराखालची बाटली निळीच राहिली. कारखान्याखालचीही राहिली, तिथे लिटमसनंही रंग बदलला नाही. एक बाटली मात्र मधल्या सुट्टीपर्यंत पांढरी पडली. ती आमच्याच सोसायटीमागची होती.

पुढचे दोन रविवार मी तेच पुन्हा केलं. उत्तर बदललं नाही. हे ऐकून ह्यांनी दोन्ही हात जोडले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. मलाही हायसं वाटलं. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण इतके दिवस ती घाण माझ्या घरातूनही जात होती.

सोसायटीच्या मीटिंगला मी मावशीला घेऊन गेले. सेक्रेटरी म्हणाले, "सेप्टिक टँकचा पाइप फुटलाय, मान्य. पण ओढा म्युनिसिपालिटीचा आहे."

"ओढा कोनाचा ते मागून बगू," मावशी म्हणाली. "घान तुमची हाय."

सेक्रेटरींनी वही पुढे ओढून विचारलं, "मग कधी सुरू करायचं?"

टँक उपसला, फुटका पाइप बदलला, मोठा शोषखड्डा खणला. नंतर कितीतरी रविवार ओहोटीला कोळीवाड्यातली माणसं दोर लावून ओढ्यातले टायर, गोण्या, प्लास्टिक ओढून काढायची आणि आम्ही घमेल्यांनी वर न्यायचो. सेक्रेटरी पँट दुमडून गुडघाभर चिखलात उभे असायचे. काठच्या तिवरांच्या झाडांना कोणी कोयता लावायचा नाही, असंही ठरलं.

खाडीवरच्या पुलापलीकडचं पाणी कधीच नीट झालं नाही. पण वर्षभरानं ओढ्याच्या तोंडाशी मावशीनं माझा दंड पकडला. चिखलावर बोटभर निवट्या टणाटण उड्या मारत होत्या. तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पडता पडता वाचले.

मागून आलेल्या सेक्रेटरींनी वाकून विचारलं, "हे खातात का हो?"

"खातात तर! पन औंदा नाय," मावशी म्हणाली. "औंदा ऱ्हाऊ दे त्यांना."