बोटीच्या नाकाला तारेचं लिंबू

“काय होत न्हाई वहिनी,” असं म्हनायला शेठनं तोंड उघडलं अन् ते उघडंच राहिलं. हातबी तसाच वर राहिला, माशी हाकलल्यावानी. त्याची सवयच ती, कुनी काळजीचं बोललं की हात असा झटकायचा. पन त्या दिवशी पुढचा शब्द फुटला न्हाई, कारन पान्यातली बोट एका अंगानं खाली बसायली होती, हवेची बोट, फुसफुस करत, अन् बोटीत माझी आरू होती. अंगनवाडीत जानारं लेकरू. मोठ्या मानसाचं तरंगायचं जाकीट घातलेलं, ते वर सरकून तिच्या तोंडावर आलतं, नुसते हात दिसायले होते. अन् काठावर डीजे चालू. माइकवाली बाई म्हनायली, “टाळ्या झाल्या पाहिजेत.” लोकं टाळ्या वाजवायले. माझ्या हातातली चहाची किटली पायावर पडली, पाय भाजला, ते मला घरी आल्यावर कळलं.

थांबा, आधी ह्या मानसाचं सांगते, न्हाईतर तुमी म्हनसाल कोन शेठ. तुमच्याबी गावात असा एक असतोय, बघा आठवून. बसल्या जागी चाललेलं दुकान सोडून भलत्याच धंद्यात पडनारा. आमच्या युसूफ वडगावच्या पेठेत त्याच्या बापाचं कापडाचं दुकान होतं, बाप कपाळाला भस्म लावून गादीवर बसायचा, हाबी बसला असता तर काय बिघडलं असतं. पन न्हाई. हा कुठंतरी सहलीला गेलता, तिथं तळ्यात बदकाची बोट बघितली, पायानं पायडल मारायची, अन् येताना डोक्यात बदक घेऊन आला. दुकान भावाच्या हवाली केलं अन् धरनाच्या काठाला बदक आनून ठेवलं. शेठ हे आमी चिडवायला ठेवलेलं नाव. त्याला वाटायचं लोकं मान देतेत.

अन् पवता येत न्हाई हं त्याला. बोटीवाल्याला. पँट गुडघ्यापस्तोर दुमडायचा अन् तेवढ्याच पान्यात जायचा, पँटीला थेंब लागला की माघारी. मी एकदा इचारलं, “शेठ, तुमी कावून बसत न्हाई बोटीत?” तर म्हनला, “हलवाई मिठाई खातो का वहिनी?” घ्या. ह्याच्यावर काय बोलावं मानसानं.

बदक आनलं त्याच साली पाऊस पडला न्हाई. धरन आटलं. बुडाला भेगा पडल्या, आमी बाया टँकरच्या मागं घागरी घेऊन पळायलो अन् शेठचं बदक वाळलेल्या गाळात मधोमध बसलेलं, पांढरंफटक, मान ताठ. शेठ रोज जाऊन फडक्यानं पुसायचा त्याला. शेळ्यावाले तिथं शेळ्या चारायला यायचे. त्यातला एक म्हनला, “काय बे शेठ, अंड्यावर बसवलंय का?” शेठनं हात झटकला. “हस बे. पानी येतंय. काय होत न्हाई.”

बरं, त्या बदकाच्या नाकाला लिंबू-मिरची बांधलेली. नजर लागू नये म्हनून. आता वाळलेल्या धरनात बसलेल्या बदकाला कोनाची नजर लागनार, तुमीच सांगा. पन लागायची, शेळ्यांची. शेळ्या यायच्या, दोरा चावायच्या अन् लिंबू खाऊन टाकायच्या. हा दुसरं बांधायचा, त्या दुसरं खायच्या. शेवटी ह्यानं दोरा सोडला अन् तार आनली, बांधकामावर सळया बांधायची असती ती. तारेत लिंबू ओवलं, बदकाच्या नाकाला पीळ मारला. शेळ्यांनी नाद सोडला. तवापासून शेठ गावभर सांगायचा, “दोरा सडतो, दोरा शेळी खाती. तार म्हनजे तार.” जसं काय मोठा शोध लावलाय.

पुढं पाऊस झाला, धरन भरलं अन् खरंच लोकं यायला लागली. केजहून, अंबाजोगाईहून, कालिजातली पोरंपोरी. मी तवा काठाला चहाभेळीचा गाडा लावला. नवरा कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, हंगाम संपला की घरी बसतो, गाड्यावरच आमचं चालायचं. बदकात बसून आलेली मानसं चहा प्यायची. म्हनजे शेठचं बदक तरंगलं तर माझी किटली उकळायची. हे मला कळत होतं, म्हनून मी त्याला तोंडावर कधी काय बोलले न्हाई. मनात लई बोलले.

आरू माझी तवा मांडीवरची. एक दिवस गिऱ्हाईकच येईना, तर शेठनं तिला मजा म्हनून बदकात बसवलं, काठालाच, मी हाताला धरून. अन् अंबाजोगाईहून सहलीची गाडी आली, दिवसभर बदकाला उसंत न्हाई. झालं. तवापासून काय बी नवीन आनलं की पहिलं आरूला बसवायचं. “लेकीचा पायगुन हाय वहिनी. भवानी तिच्याच हातची.” तिच्या कपाळाला कुंकू लावायचा, हातावर पेढा ठेवायचा. आरूला तो पेढेवाला मामा वाटायचा.

अन् नवीन आनायचा सारखं. बदक जुनं झालं म्हनला, मग लांबडं केळं आनलं, रबराचं, त्याच्यावर घोड्यावर बसल्यावानी बसायचं अन् पुढची मोटारबोट ओढत न्ह्यायची, पोरं मुद्दाम पान्यात पडायची. मग केळं जुनं झालं. मग एक आरपार दिसनारी होडी आनली, काचेवानी, खालचं पानी दिसतंय म्हनून. आमच्या धरनाचं पानी गढूळ, खाली काय दिसनार, चिखल. पन पोरी त्यात बसून फोटू काढायच्या, एकीनंबी खाली बघितलं न्हाई. मी शेठला म्हनलं, “ह्या बोटीत बसतेत का मोबाइलात बसतेत?” तर हात झटकला. “पब्लिकला नवीन पायजे वहिनी. बोट कोनाला पायजे.”

मग ते बोटींचं प्रदर्शन लागलं, आमच्याच धरनावर. पुन्या-मुंबईकडचे बोटवाले येनार म्हनले. शेठ आठवडाभर जेवला न्हाई नीट. मला म्हनला, “वहिनी, गाडा आत लावा. जागेचं मी बोललोय.” मी आरूला घेऊन गेले. लेकरू कुठं ठेवनार.

काय सांगू तुमाला तिथलं. हिरव्या गालिच्यावर बोटी मांडलेल्या, नवरीवानी फिती लावून. एका बोटीत सोफा होता अन् फ्रीज होता. आमच्या घरी नळाला पानी कधी येतंय म्हनून बाया भांडी मांडून बसतेत अन् इथं बोटीत बर्फ. एका फळीवर उभं राहून वल्हं मारायचं, ती म्हने सगळ्यात नवी. म्हनजे बसायचं पन न्हाई. गॉगलवाला मानूस लोकांना सांगायला होता की फायबरचं गेलं, आता हलकं पायजे, घडी घालून गाडीच्या डिकीत टाकता आलं पायजे. लोकं माना हलवायले, जसं काय सगळ्यांच्या दारात डिकीची गाडी उभी हाय. धारूरकडचे दोन म्हातारे आलते, एक म्हनला, “आरं पन ही पान्यात बुडत न्हाई का?” तर गॉगलवाला हसला. मला राग आला. इचारायचं तेच तर इचारलं होतं म्हाताऱ्यानं.

अन् शेठनं ती हवेची बोट घेतली. पिशवीतनं काढली, पंपानं फुगवली. मी म्हनलं, “शेठ, ही बोट हाय का गादी?” “वहिनी, हाच ट्रेंड हाय. आता सगळं हवेवर.” लई खुशीत होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, सेंट मारलेला, बदकच दिसायला होता.

पूजा मांडली. शेठ नारळ बोटीच्या नाकावर फोडायला निघाला, गॉगलवाला धावत आला, “काका, दगडावर फोडा, दगडावर.” बरं, नारळ दगडावर फोडला. गॉगलवाला गेला दुसरीकडं. अन् शेठनं खिशातनं लिंबू काढलं. तारेत ओवलेलं. मी बघितलं हो. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं बोटीच्या नाकाच्या कडीला तार अडकवली, पीळ मारला, राहिलेलं टोक आत दाबलं. मला वाटलं पन, रबराला टोचंल का, पन तोंडाला आलं न्हाई, कारन तो आरूच्या कपाळाला कुंकू लावायला होता अन् ती हसायली होती.

जाकीट मोठ्या मानसाचं. मी म्हनलं, “लहान न्हाई का?” म्हनला, “लहान हायती तिकडं टेबलावर, प्लास्टिकात, दाखवायला ठेवलेत. काय होत न्हाई वहिनी, काठालाच तर हाय, दोरी माझ्या हातात हाय.”

दोरी त्याच्याच हातात होती. पन पान्यावर चालायची फटफटी असती ती घेऊन एक जन आला, लोकांना दाखवायला गिरकी मारली, लाट आली. माइकवाल्या बाईनं शेठचं नाव घेतलं, टाळ्या म्हनली, अन् ह्या बहाद्दरानं दोन्ही हात वर करून लोकांना नमस्कार केला. दोन्ही हात. दोरी गेली. बोट आत सरकली, लाटंवर उड्या मारायली, अन् दरेक उडीला ते तारेचं टोक रबरात जायलं. मग ते फुसफुस.

तुमाला सांगते, मी पान्यात शिरले तर साडीच पायात आली, मी पडले. डोकं वर काढलं तर शेठ माझ्या पुढं होता. गुडघ्याच्या पुढं. कमरेच्या पुढं. सेंट मारलेला शर्ट पान्यावर फुगलेला. त्याला पवता येत न्हाई हे साऱ्या वडगावाला ठाऊक, त्यालाबी ठाऊक. तो गळ्यापस्तोर गेला, मग डोकं दिसंना, मग हात दिसला, बोटीच्या नाकाला धरलेला. जिथं तार होती तिथंच. तार तळहातात घुसली तरी सोडलं न्हाई. बोट तशीच काठाकडं ढकलत राहिला, आपन पान्याखाली. तवर फटफटीवाला माघारी फिरला, त्यानं आरूला वर उचललं, मग लोकांनी शेठला केसाला धरून ओढलं. डीजे तवा बंद झाला.

अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. लेकरानं पानी पिलतं, थरथर कापायली होती. मी बाहेर फरशीवर बसलेले, समोर शेठ, वल्ल्या कपड्यांत, हाताला पट्टी, बुटातनं पानी गळायलं. मला वाटत होतं हा आता हात झटकंल अन् म्हनंल काय होत न्हाई. मी वाट बघत होते, म्हनला असता तर मी त्याला चप्पल मारली असती. म्हनला न्हाई. डॉक्टरीन बाई बाहेर आल्या, म्हनल्या पोरगी बरी हाय, झोपू द्या. तवा शेठनं मान खाली घातली अन् इतकंच बोलला, “दोरा बांधायला पायजे होता.”

त्याच्यानंतर बोटीत कोन बसनार. कुनी तरी मोबाइलात काढलेलं, ते गावोगाव फिरलं. बदक रिकामं, केळं रिकामं, माझी किटली बी रिकामी. नवरा म्हनला गाडा दुसरीकडं लाव. मी लावते लावते म्हनत होते.

मग एक दिवस शेठ घरी आला. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यापाशीच उभा. हातात पिशवी. पिशवीत लहान लेकराचं जाकीट, नवं, प्लास्टिकातलं. अन् लिंबू, दोऱ्यात ओवलेलं.

“वहिनी, एकदा बसू द्या आरूला. बदकात. ती हवेची बोट दिऊन टाकली. लोकांनी एकदा बघितलं की ती बसली, तर येतेल.”

मी म्हनलं, “शेठ, लाज वाटत न्हाई का?”

“वाटती,” म्हनला. “काठाकाठानं एक फेरी. मी संगं पान्यात उभा राहतो.”

आरू मागनं आली, जाकीट बघून म्हनली, “आई, मी बसू?” दवाखान्यातनं आल्यापासून ती बादलीतल्या पान्याला भ्यायची, न्हाताना वरडायची, अन् बोटीचं नाव काढल्यावर इचारायली बसू का. मी तिला आत ढकललं, दार लावलं. त्याच्या तोंडावर. जो मानूस माझ्या लेकरासाठी बुडायला गेला त्याच्या तोंडावर. पन लेकरू पान्यात घातलं कोनी होतं? त्यानंच ना?

दार उघडलं तवा पिशवी उंबऱ्यावर होती, जाकिटाची. लिंबू नव्हतं.

आता शेठ गावात न्हाई. लातूरला पाव्हन्याच्या दुकानात कापड मोजतो म्हनतेत. बदक काठालाच हाय, पानी मागं सरकलंय, पुन्हा गाळात बसलंय मान ताठ करून. जाताना त्यानं नाकाला ते दोऱ्याचं लिंबू बांधून ठेवलं होतं. मी गेले तवा शेळ्यांनी खाल्लं होतं, नुसता दोरा लोंबत होता. आरू हट्ट करून त्यात बसली, जाकीट घालून, कोरड्या गाळात, अन् पायडल मारायली. मी तिच्या झग्याला मागनं धरून उभी. कोरड्यात सुद्धा मला सोडवेना.

ती मारायली होती अन् म्हनायली, “मामा कुठं गेला? पेढा कोन देनार?”

तुमी मला सांगा. तुमी असता उंबऱ्यात, लेक तुमची, अन् तो मानूस तसा उभा, हाताची जखम बी भरलेली न्हाई. एकच फेरी म्हनत होता. काठाकाठानं. तुमी बसवलं असतं का?