भाऊ पडला ते पाणी कुणाचं

माझा धाकटा भाऊ भर समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावरून पाण्यात पडला आणि सापडला नाही. त्या पाण्यावर दोन देश हक्क सांगत होते. विहिरीला परवाना देणाऱ्या देशाने कळवलं, खटला चालू आहे, तोवर आमचे अधिकारी तिथे चौकशीला जाऊ शकत नाहीत. दुसऱ्याने कळवलं, तो परवानाच बेकायदा, त्यामुळे तिथल्या घटनेची नोंद आम्ही घेणार नाही. मृत्यूचा दाखला कुणीच देईना.

बेळ्ळंदूरचं ऑफिस सांभाळून मी वकील, दूतावास, कंपनी असे एकेक फोन उरकत राहिले. उरकणं मला जमतं. जयनगरच्या घरी भावजय मात्र एकच सांगायची, "अक्का, आधी कोर्टाला बोलू दे. तोवर मंगळसूत्र राहणार आणि गुरुजींचा विषय नको."

काही वर्षांनी निकाल आला. ऑफिसात जेवणाचा डबा न उघडता मी तो शेवटपर्यंत वाचला. कुठल्या बेटापासून हद्दीची रेघ मोजायची, रेघेच्या अलीकडचं तेल कुणाचं, पलीकडचं कुणाचं, सगळं होतं. घरी भावजय शेंगा सोलत बसली होती.

"ह्यांच्याबद्दल काय लिहिलंय?"

"काही नाही गं."

"नाव तरी?"

"नाही."

ती पुन्हा शेंगा सोलू लागली. टोपली रिकामी झाल्यावर म्हणाली, "सरी, ठीक आहे. बोलवा गुरुजींना."

देह मिळाला नाही तर पळसाच्या देठांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ. श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी गुरुजी तो मांडत होते. त्यांनी भाऊ कधी गेला ते विचारलं. मी फाइल उघडून तारीख सांगितली आणि अक्षांश-रेखांशही वाचायला लागले. दोन्ही देशांच्या नकाशांत त्या जागेची नावं वेगळी होती, तीही मी लिहून आणली होती.

"ठिकाण राहू द्या, अक्का," ते म्हणाले. "तिथी आणि गोत्र पुरतं."

मी फाइल मिटली. इतकी वर्षं आम्ही ठिकाणासाठीच अडलो होतो.

भावजय त्या देठांकडे बघत होती. "गुरुजी," ती म्हणाली, "ह्यांचे पाय लांब होते. स्वल्प वाढवा की."

देठ मोजून घेतलेले असतात, त्यात भर घालता येत नाही. गुरुजींनी पायांचे देठ हलक्या हाताने थोडे खाली सरकवले.