म्हाराजाचे गाऱ्हाणे

लिस्बनच्या त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात शेफने हाक मारली की सगळे एका सुरात पोर्तुगीजमध्ये 'हो, शेफ' म्हणून ओरडायचे. एकटा एक माणूस मागच्या मोरीवरून वेगळेच काहीतरी ओरडायचा, "व्हय म्हाराजा!" कांदा सांडला, व्हय म्हाराजा. पातेली संपली, व्हय म्हाराजा. तिथल्या लोकांना ते त्याचे नावच वाटले. त्यामुळे पेडणे तालुक्यातला, हरमलच्या वाटेवरच्या एका वाडीतला हा साठीला आलेला माणूस साऱ्या हॉटेलात 'माराजा' म्हणून ओळखला जाई. मी त्यांना काका म्हणत असे. म्हणजे कोणी जवळपास नसले तर म्हणत असे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याची सुरुवात तिथूनच होते.

मी पेडण्याचा. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला सहा महिने इंटर्न म्हणून तिथे गेलो होतो. आईने गावभर सांगितले की मुलगा परदेशात शेफ झाला. प्रत्यक्षात शेफ झालेला मुलगा सकाळी पाचला उठून चढाच्या रस्त्याने धापा टाकत हॉटेलात पोहोचायचा आणि दुपारपर्यंत खारवलेल्या माशाचे काटे काढायचा. अंगाचा वास खोलीवर जाऊन दोनदा आंघोळ केली तरी जात नसे. पहिल्या आठवड्यात मी रडलोही. काकांनी ते पाहिले. घासलेली पातेली माझ्यापुढे ठेवत, आधी भांडी, स्वयंपाक नंतर, एवढेच म्हणाले, "पयलीं आयदनां पुसूक शीक रे बाबू. रांधप मागीर येता."

काका पोर्तुगीज शिकले नव्हते आणि शिकणारही नव्हते. त्यांना गरजच वाटत नव्हती. खिडकीला जनेल, टेबलाला मेज, चमच्याला कुलेर, बादलीला बालदी, आणि पाव तर पावच. घरातल्या या शब्दांवर त्यांनी नऊ वर्षे काढली होती. वर मलाच समजावायचे, "बालदी म्हटली काय बालदीच हाडटात मरे! ह्या लोकांक आमची भास बरी येता." चारशे-साडेचारशे वर्षे राज्य करायला कोण कोणाकडे आले होते आणि हे शब्द मुळात कोणाचे, हे सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. त्यांनी मला भिजवलेले बटाटे सोलायला बसवले.

पण त्यांची खरी ओळख होती ती गाऱ्हाण्याची. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणे घालतात. जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणे सांगतो, आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. काका मोरीपुढे, रबरी हातमोजे काढून, कोपरापर्यंत ओल्या हातांनी गाऱ्हाणे घालायचे. कोणाचे काय अडले आहे, याची त्यांना बित्तंबातमी असे. शेफच्या आईचा गुडघा, बांगलादेशी आचाऱ्याच्या मुलीचे लग्न, ब्राझीलहून आलेल्या इंटर्न मुलीची परीक्षा, सगळे त्यांच्या राखणदाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाच्या, कानावर जाई. पहिल्यांदा लोक हसले. मग त्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट पार पडले, आणि एवढा मोठा शेफ हळूच मोरीकडे येऊन आता बहिणीचेही सांग म्हणून खुणा करू लागला.

माझ्यासाठी त्यांनी पहिल्याच दिवशी गाऱ्हाणे घातले. "हे देवा म्हाराजा, हो पेडण्याचो भुरगो आयला, घर सोडून, आवय-बापूय सोडून. ताचो हात भाजूंक दिवं नाका. ताका हांगा कोणें उणो लेखूं नये." ब्राझीलच्या मुलीने मला विचारले, हा काय म्हणतोय? शब्द न शब्द मला कळत होता. मी खांदे उडवले आणि म्हणालो, कुणास ठाऊक, त्याची भाषा वेगळी आहे. काका शेजारीच उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, एवढ्यावर मी निभावून नेले.

नऊ वर्षांत ते एकदाही घरी गेले नव्हते. तिथल्या वास्तव्याचे कागद अडकले होते. देशाबाहेर पाऊल टाकले तर परत घेतील की नाही याची खात्री नव्हती. बायको त्या नऊ वर्षांतच गेली. तिला पाहिले ते फोनच्या काचेवर. माझे सहा महिने संपले तेव्हा त्यांनी मला पावाचा डबा दिला आणि ऑर्डर लिहायच्या चिठ्ठीवर लिहिलेली एक यादी दिली. यादीत स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाचे नाव होते, आणि शेवटी त्यांचे स्वतःचे. "आमच्या राखणदाराक एक नाल्ल, एक रोट आनी एक विडी दी. ही नांवां वाच. निमाणें म्हण, म्हाताऱ्याक एक फावट घरा हाड. पांच मिनटांचें काम. येत्या आयताराक थंय धा वाजतां तूं गाराणां घाल. हांगा तेन्ना साडेपांच. हांव हांगासून व्हय म्हणतां." नारळ, रोट, विडी, यादीतली नावे आणि शेवटी 'म्हाताऱ्याला एकदा घरी आण' एवढे मागणे; मी त्यांच्या पाया पडलो. तेव्हा मी खरोखरच करणार होतो.

त्या रविवारी मी अकरापर्यंत झोपलो. खरे तर नऊला जाग आली होती. राखणदाराचे ते ठिकाण घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांवर. पण उघड्यावर, झाडाखाली उभे राहून एकट्याने मोठमोठ्याने देवाशी बोलायचे, रस्त्याने जाणारे बघणार, त्यात माझ्या वर्गातले कोणी असले तर? लिस्बनहून आलेला मुलगा दगडापुढे विडी पेटवून ठेवतोय! मी कूस बदलली. दुपारी हरमलच्या किनाऱ्यावर मित्रांबरोबर बसलो असताना ब्राझीलच्या मुलीने पाठवलेला व्हिडिओ आला. काका मोरीपुढे हात जोडून उभे होते. थोडा वेळ गप्प राहायचे, आणि मग म्हणायचे, "व्हय म्हाराजा." पुन्हा गप्प. पुन्हा "व्हय म्हाराजा." ती गप्प राहण्याची जागा माझ्या बोलण्यासाठी होती. मागे शेफ, बांगलादेशी आचारी, ती मुलगी, सगळे आपापल्या उच्चारात त्यांच्याबरोबर म्हणत होते. खाली तिने लिहिले होते, तिकडे नीट झाले ना?

संध्याकाळ व्हायची होती. तेव्हा उठून गेलो असतो तरी चालले असते. मी लिहिले, हो, छान झाले. मग काकांचा फोन आला तेव्हा नारळ कसा निघाला हेही सांगितले. पांढरा शुभ्र निघाला म्हणालो. ते लहान मुलासारखे हसले.

मला हरमललाच एका हॉटेलात नोकरी लागली. रोज त्याच रस्त्याने जायचो, आणि ते वळण आले की स्कूटरचा वेग आपोआप वाढायचा. यादी डिकीत रेनकोटखाली पडून होती.

आठ महिन्यांनी कागद झाले. काका मे महिन्यात घरी आले, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात उभे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत नारळ, रोट आणि विडीचे बंडल. "चल बाबू. तुज्या गाराण्यान हांव आयलों. आतां देवाक सांगूंक जाय." आईला कौतुकाने भरून आले. मी पाय ओढत गेलो. त्यांचा धाकटा भाऊ वाटेवरच भेटला. ठिकाणाजवळ पोहोचलो तर पायवाटच नव्हती. करवंदीच्या जाळीने सगळे गिळले होते. मी गाऱ्हाणे घातल्याचे सांगितले आहे, हे भावाला माहीत नव्हते. तो सहज म्हणाला, "हांगा कोण येता? वयनी गेली तेन्नाच्यान दिवो पेटवूंक ना कोणें. वाट खंय उरतली?"

काका थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. भावाला म्हणाले, "झाडां बेगीन वाडटात रे. कोयती हाड." उन्हाने जमीन तडकली होती, गवताची काडी हिरवी नव्हती. आठ महिन्यांत करवंदीची जाळी पुरुषभर वाढत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते. त्यांनी स्वतः कोयती घेऊन वाट मोकळी केली. मी पुढे झालो तर म्हणाले, "ऱ्हांव, तुका कांटे लागतले."

मग गाऱ्हाणे. शेफपासून सगळ्यांची नावे त्यांना पाठ होती. भाऊ प्रत्येक नावाला 'व्हय म्हाराजा' म्हणत होता. शेवटी ते म्हणाले, "आनी आमच्या भुरग्यांचें कितें चुकलां-माकलां आसत, तें पोटांत घाल, म्हाराजा." पोरांच्या चुका पोटात घाल, हे वाक्य प्रत्येक गाऱ्हाण्यात असते. लहानपणापासून शंभरदा ऐकले आहे. भाऊ व्हय म्हणाला. काका पुढे बोलेनात. डोळे मिटून थांबले. व्हिडिओत माझ्यासाठी जेवढे थांबले होते तेवढेच, कदाचित जास्तही. शेवटी मीही 'व्हय म्हाराजा' म्हटले. माझा आवाज भावालाही ऐकू आला नसेल. काकांना आला असावा, कारण त्यांनी विडी पेटवून दगडावर ठेवली.

त्या विषयावर ते एक शब्द बोलले नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर महिनाभर. मी माफी मागायला दोनदा त्यांच्या घरी गेलो आणि दोन्ही वेळा फणस खाऊन परत आलो. काका लिस्बनला परत निघाले तेव्हा विमानतळावर सोडायला मी आणि भाऊ होतो. त्यांनी खिशातून नवी यादी काढली. माझा हात आपोआप पुढे झाला. त्यांनी ती भावाच्या हातात दिली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "तुका वेळ मेळना रे."

आता महिन्यातून एका रविवारी दहा वाजता भाऊ गाऱ्हाणे घालतो. कोणी न सांगता मीही जातो. वाट साफ ठेवणे, नारळ आणणे ही कामे मी मागून घेतली आहेत. यादी मात्र भावाच्या खिशातच असते. त्याला अक्षर नीट लागत नाही, अडखळत वाचतो. शेफचे नाव, बांगलादेशी आचाऱ्याचे, ब्राझीलच्या मुलीचे, आणि मग "पेडण्याचो बाबू. ताका बरें कर, म्हाराजा." पलीकडे तेव्हा काका मोरीपुढे उभे असतात. इकडे त्या झाडाखाली आम्ही दोघेच. भाऊ वाचणारा, म्हणजे व्हय म्हणणारा मी एकटाच. मला ते मोठ्याने म्हणावे लागते.