पिठाची शीग

माझ्या मावशीला गल्लीत सगळे तोफ म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे. ‘बिस्किटं शिळी नाहीत ना?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने दुकानाची पायरी उतरायला लावली होती. नवरा गेल्यावर बिस्किटांची भट्टी तिने एकटीने चालवली, त्यातच मुलाला मोठं केलं. असल्या बाईला ‘तू आता घरी बस’ म्हणायला तोंड लागतं. ते तिच्या मुलाला भरपूर आहे.

तुझे गुडघे दुखतात म्हणून सांगतो, असं तो म्हणायचा. गुडघे कसले! आई गिऱ्हाइकांशी भांडते, याची त्याला लाज वाटत होती. पण बिस्किट तिच्याशिवाय जमत नव्हतं, तिथेच त्याचं घोडं अडलं होतं. शेवटी त्याने वजनकाटा आणला. मावशी सगळं एकाच जुन्या वाटीने मोजायची. वाटीचे ग्रॅम एकदा कळले की कुणीही कारागीर पीठ मळेल, असा त्याचा हिशेब.

“पीठ किती, आई?”

“चार वाट्या.”

त्याने वाटी भरली, वरून सुरी फिरवून सपाट केली, वजन केलं आणि चाराने गुणलं. बिस्किटं ट्रेमध्ये पसरून एकमेकांना चिकटली. पुन्हा केली, पुन्हा तेच. दर वेळी मावशीला हाक जायची. ती कण्हत उठायची, उरलेल्या गोळ्यात मुठीने पीठ घालायची आणि घाणा सावरायची. हे दिवटे चिरंजीव मात्र चारचौघांत सांगत सुटले, “आईला आता मापं आठवत नाहीत.”

आणि तोफ गप्प. माझंच डोकं फिरलं. “तू ऐकून कशी घेतेस?” मी तिला विचारलं.

“बोलले तर घरी बसवेल,” ती म्हणाली. “कळतंय का तुला?”

म्हणजे चूक कुठे होती ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला तिच्या मुलाचा इतका संताप आला की मी त्या दिवशी त्याच्याशी बोललेच नाही.

मग नवा कारागीर आला. त्याच्यासमोर हा म्हणाला, “हिचं काही मनावर घेऊ नकोस, म्हातारीला चळ लागलाय.”

मावशी ताडकन उठली. गुडघे कुठे गेले कोण जाणे. “चळ तुझ्या बापाला! साखर सपाट मोजतात. पिठाच्या वाटीला शीग असते, गधड्या. या घरात वाटीभर पीठ म्हणजे शिगेसकट.” तिने पोत्यात वाटी खुपसली, वर डोंगर आला तसा तो काट्यावर उपडा केला. “वाच.”

त्याने वाचलं. रागावला नाही. खडूने आकडा भिंतीवर लिहिला आणि खुशीत हसला. मावशीचा हात तसाच वाटीवर राहिला.

आठवड्याने त्याने माझ्या हाती घरी डबा पाठवला. अगदी तुझ्या हातची झालीत, असा निरोप. मावशी खाटेवर बसली होती, एप्रन बांधूनच. तिने एक बिस्किट मोडलं, चावलं.

“बरोबर झालंय,” ती म्हणाली.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे, हे तरी आता सगळ्यांना कळलं,” मी म्हटलं.

तिने डबा माझ्याकडे ढकलला. “वेडी होते तोवर मेला हाक तरी मारत होता.”